परीक्षा नेमकं काय तपासते? अपंगत्व आणि कॉलेजातल्या सोयी

फळ्याकडे तोंड करून शिकवताना माझ्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. "हे इथून उचललं, तिकडे नेलं, की हे असं येतं." मी संख्याशास्त्र शिकवते. वर्षानुवर्षं मी असंच बोलत आले आणि वर्गातली मुलं ते मुकाट उतरवून घेत आली. मग एका वर्षी पहिल्या बाकावर एक अंध मुलगा बसू लागला. तिसऱ्या की चौथ्या तासाला, बाकीचे बाहेर पडल्यावर, त्याने विचारलं, "मॅडम, 'हे' म्हणजे कोणतं?"

मला उत्तर येत होतं, पण ते शब्दांत सांगायची सवय नव्हती. आजवर बोट दाखवलं की भागत होतं. त्या दिवसापासून मी "हे" म्हणायचं सोडलं. "प्रत्येक निरीक्षणातून सरासरी वजा केली, आलेल्या फरकाचा वर्ग केला, मग सगळ्या वर्गांची बेरीज केली" असं पूर्ण बोलू लागले. सुरुवातीला तास लांबायचा, हळूहळू जीभ वळली. दोन महिन्यांनी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, की आता वही घरी उघडली तरी गणित कळतं. तिला डोळ्यांचा काहीच त्रास नव्हता.

अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणात आधार कसा द्यायचा, हा विषय अर्ज, प्रमाणपत्रं आणि नियमांच्या ढिगाखाली इतका दबून जातो, की त्यामागचा विचार कुणी समजावून सांगतच नाही. विद्यार्थ्यालाही नाही आणि शिक्षकालाही नाही. तो विचार एकदा कळला की नव्वद टक्के नियम आपोआप उलगडतात, असा माझा अनुभव आहे.

सवलत आणि सोय

आपण या सगळ्याला सरसकट "सवलत" म्हणतो आणि तिथेच पहिली गफलत होते. सवलत म्हणजे काहीतरी कमी करणं. शुल्क कमी केलं, वयाची अट सैल केली, तर ती सवलत. पण अंध विद्यार्थ्याला लेखनिक दिला, कर्णबधिर मुलीसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषा बसवला, हात थरथरणाऱ्या मुलाला संगणकावर उत्तरं टाइप करू दिली, तर अभ्यासक्रमातलं काहीही कमी होत नाही. प्रश्नपत्रिका तीच, गुणदानही तेच. ही सोय आहे. शब्द बदलला की समोरच्याचा सूरही बदलतो, हे मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी पाहिलं आहे. "सवलत द्यायची का?" असं विचारलं की उपकाराची भाषा सुरू होते. "सोय झाली का?" असं विचारलं की कामाची.

सोय कोणती द्यायची, कोणती नाही, हे ठरवायचं कसं? प्रत्येक परीक्षेत दोन गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात. एक, जे तपासायचं आहे ते. दुसरी, ते तपासण्यासाठी निवडलेली रीत. इतिहासाच्या पेपरात तपासायचं असतं की विद्यार्थ्याला घटनांमागची कारणं कळली का. पण रीत अशी असते, की तीन तास एका जागी बसा, बारीक छापलेलं वाचा, चाळीस जणांच्या खोलीत लक्ष टिकवा आणि हाताने पंचवीस पानं लिहा. यातलं बसणं, वाचणं, लिहिणं म्हणजे काही इतिहास नव्हे. तो फक्त इतिहासापर्यंत जायचा नेहमीचा रस्ता आहे. ज्याला तो रस्ता बंद आहे त्याला दुसरा उघडून द्यायचा, पण पोचायचं ठिकाण तेच ठेवायचं. सोय म्हणतात ती ही.

म्हणून शिक्षकाने स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: ही अट काढली तर विषय उरतो का? भौतिकशास्त्राच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापले नाहीत तरी भौतिकशास्त्र जसंच्या तसं राहतं, म्हणून डिस्लेक्सिया (अक्षरं वाचता-लिहिताना येणारी अडचण) असलेल्या मुलासाठी ती अट सोडता येते. मुद्रितशोधनाच्या अभ्यासक्रमात मात्र शुद्धलेखन हाच विषय आहे, तिथे ती सोडता येणार नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचा हात ओट्यापर्यंत पोचत नसेल, तर ओट्याची उंची हा रसायनशास्त्राचा भाग नाही. कमी उंचीचं टेबल द्या, किंवा तिच्या सांगण्यावरून द्रावण ओतणारा सहायक द्या. फक्त कोणतं द्रावण, किती, केव्हा आणि रंग बदलला याचा अर्थ काय, हे तिनेच सांगायचं. अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी परीक्षेत ज्ञान तपासायचं असतं, अस्खलितपणा नाही. त्याला वेळ द्या, त्याची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका.

हे नीट ठरवायचं तर विषय शिकवणाऱ्यालाच बसून विचार करावा लागतो. कार्यालयातला कारकून हे ठरवू शकत नाही, डॉक्टरही नाही. डॉक्टर फार तर शरीराला काय जमत नाही ते सांगेल.

जादा वेळ कशाचा?

जादा वेळेवरून जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नसतील. "मलाही तासभर जास्त मिळाला असता तर मीही पहिला आलो असतो," हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. त्याला उत्तर द्यायला हवं, कारण विचारणारा मुलगा वाईट नसतो.

डोळस विद्यार्थी प्रश्नपत्रिका हातात घेतो आणि पाच सेकंदांत पानभर नजर फिरवतो. कुठला प्रश्न मोठा, कुठला सोपा, आकृती कुठे, सगळं त्याला एकदम दिसतं. ऐकून परीक्षा देणाऱ्याला प्रश्नपत्रिका एका ओळीत, शब्दामागून शब्द अशी मिळते. चौथ्या प्रश्नातली अट परत पाहायची तर वाचकाला थांबवून "पुन्हा वाचा" म्हणावं लागतं. उत्तरात मागे लिहिलेलं वाक्य बदलायचं तर ते आधी वाचून घ्यावं लागतं. हा सगळा वेळ विचारात जात नाही, ये-जा करण्यात जातो. जादा वेळ म्हणजे त्या ये-जा करण्याची भरपाई. इंग्रजी नियमांतही त्याला भरपाईचा वेळ अशाच अर्थाचा शब्द आहे.

किती द्यायचा याचे आकडे देशागणिक वेगळे आहेत. भारतातल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे २५ टक्के, म्हणजे ४५ मिनिटं. अमेरिकेत दीडपट वेळ सर्रास देतात, म्हणजे दीड तास जादा. एकाच मुलासाठी तीन वेगळे आकडे निघतात, यावरून एवढं दिसतं की हे अंदाज आहेत आणि माणूस पाहून ते बदलायला हवेत.

त्या तक्रार करणाऱ्या मुलाला मी आता असं सांगते: आपल्या पेपरात वेग तपासायचा नाही असं आपण मानत असू, तर घाई सगळ्यांचीच कमी व्हायला हवी. तेव्हापासून माझे पेपर मी अडीच तासांच्या मजकुराचे काढते आणि वेळ तीन तास ठेवते. भांडण बरंच कमी झालं.

लेखनिकाबद्दल दोन शब्द. मुलं त्याला "रायटर" म्हणतात. लेखनिक दिला की काम झालं असं लोकांना वाटतं. पण सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचा सराव लागतो. गणितात तर फारच. "क्ष अधिक एक भागिले दोन" हे मोठ्याने म्हणून पाहा. आधी क्ष मध्ये एक मिळवून मग सगळ्याला दोनाने भागायचं, की क्ष मध्ये फक्त अर्धा मिळवायचा? क्ष ३ असेल तर पहिलं उत्तर २ आणि दुसरं ३.५. कागदावर ही शंका येतच नाही, कारण भागाकाराची रेघ किती लांब आहे ते दिसतं. तोंडी सांगताना "कंस सुरू, क्ष अधिक एक, कंस पूर्ण, भागिले दोन" असंच म्हणावं लागतं आणि ही बोली दोघांनी आधी बसून ठरवावी लागते. लेखनिकाची आणि विद्यार्थ्याची पहिली भेट परीक्षेच्या दारात झाली, तर पहिला अर्धा तास एकमेकांना समजून घेण्यातच जातो. लेखनिकाला विषय चांगला येत असेल तर त्यानेच उत्तर सांगितलं अशी शंका घेतात. अजिबात येत नसेल तर "प्रमाण विचलन" हा शब्दही त्याला अक्षर अक्षर सांगावा लागतो. या पेचाला सोपं उत्तर नाही. ज्यांना जमेल त्यांनी संगणकावर स्वतः लिहावं, हा मला सगळ्यात स्वच्छ मार्ग वाटतो.

पीडीएफ उघडते, पण बोलत नाही

माझ्या त्या विद्यार्थ्याने एकदा मला त्याच्या लॅपटॉपजवळ बसवलं आणि मी वर्गाला पाठवलेलं प्रकरण उघडलं. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम. तो काही सेकंद गप्प राहिला आणि मग एवढंच म्हणाला, की हे पान रिकामं आहे. मी त्या पानाकडे बघत होते. ते अक्षरांनी गच्च भरलेलं होतं.

झालं होतं असं, की पुस्तकाच्या झेरॉक्सचा मी स्कॅन काढला होता. स्कॅन म्हणजे फोटो. माणसाला त्यात अक्षरं दिसतात, संगणकाला नुसते काळे-पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांतून अक्षरं ओळखणारे प्रोग्राम आहेत, पण झेरॉक्स वाकडी असेल, कडेला काळी सावली असेल, तर ते गडबडतात. देवनागरीत आणखी एक गंमत होते. "ख" चा "रव" होतो, "खरा" चं "रवरा" होतं. अशी चाळीस पानं कानांनी ऐकत अभ्यास करायचा म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. मी ते दोन पानं ऐकलं आणि थांबले.

उपाय कठीण नाही. मूळ टाइप केलेली फाइल असेल तर तीच द्यावी. शीर्षकं नुसती ठळक करून सोडू नयेत, "शीर्षक" ही शैली लावावी, म्हणजे ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, नाहीतर पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसावं लागतं. चित्राखाली, आलेखाखाली दोन ओळींत त्यात काय आहे ते लिहावं. "खालील आलेख पाहा" एवढंच लिहिलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा फरक ठेवावा. वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ इतका उजेडाचा फरक मागतात. फिकट करड्या रंगातल्या स्लाइड त्यात बसत नाहीत आणि मागच्या बाकावरून त्या कुणालाच दिसत नाहीत.

स्क्रीन रीडर एकेकाळी इतके महाग होते, की विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसत. २००६ साली मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर बनवायला घेतला. आज तो जगभर वापरतात. कुठल्याही शिक्षकाने तो आपल्या संगणकावर टाकावा, पडदा बंद करावा आणि आपणच बनवलेल्या नोट्स पाच मिनिटं ऐकाव्यात. माझ्या मते दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा ही पाच मिनिटं जास्त शिकवतात.

पुस्तकांचा दुसरा अडसर कायद्याचा होता. ब्रेल किंवा ध्वनी आवृत्ती काढणं म्हणजेही प्रत काढणं, त्यामुळे प्रताधिकार आडवा यायचा. एका देशात तयार झालेली ब्रेल प्रत दुसऱ्या देशात पाठवणंही अवघड होतं. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात यावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. त्यावर पहिल्यांदा शिक्कामोर्तब करणारा देश भारत होता. कराराने दार उघडलं, पण पुस्तक सुगम्य रूपात आणायला आठवडे लागतातच. म्हणून वाचनाची यादी सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जाहीर करणं म्हणजे त्या एका विद्यार्थ्याला महिनाभर मागे ठेवणं.

डोळे एकाच वेळी दोन ठिकाणी नसतात

ऐकू न येणाऱ्या मुलांबद्दल लोकांना वाटतं की ती ओठ वाचून घेतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "पान" आणि "मान" म्हणा. ओठ तंतोतंत सारखे हलतात. प, ब, म यांतला फरक घशात आणि नाकात होतो, बाहेर दिसत नाही. ओठ वाचणारी मुलं अर्धंअधिक संदर्भावरून ताडतात, आणि नवा विषय शिकताना नेमका संदर्भच नसतो. त्यात शिक्षक फळ्याकडे वळून बोलला की तेवढंही हातातून जातं.

दुभाषा असला तरी एक गोष्ट उरते. मुलीचे डोळे दुभाष्याच्या हातांवर आहेत, तेव्हा ती वहीत लिहू शकत नाही. स्लाइडवरचा तक्ता पाहू लागली तर हात चुकतात. म्हणून तिला नोट्स लिहून देणारा कुणी हवा, आणि स्लाइड बदलल्यावर शिक्षकाने चार-पाच सेकंद गप्प राहायला हवं. एवढी शांतता आधी फार अवघड वाटते. दुभाष्याला स्लाइड आदल्या दिवशी द्याव्यात, कारण कित्येक तांत्रिक शब्दांना ठरलेली खूण नसते, ती त्याला आणि विद्यार्थिनीला मिळून ठरवावी लागते. काम दमवणारं असतं, त्यामुळे लांब तासाला दोन दुभाषे आलटून पालटून बसतात. बोललेलं पडद्यावर आपोआप उमटवणाऱ्या ओळी (कॅप्शन) आता बऱ्या झाल्यात, पण विशेषनामं आणि तांत्रिक शब्द यांत त्या हमखास घसरतात, आणि परीक्षेत नेमके तेच विचारले जातात.

आणखी एक. "माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको," असं म्हणणारे शिक्षक प्रत्येक संस्थेत असतात. श्रवणयंत्र जवळचा आवाज आणि खोलीतला गोंगाट दोन्ही मोठे करतं, लांबून आलेला आवाज त्यात बुडतो. कृपा करून माईक घ्या.

कर्णबधिरांसाठीच उभं राहिलेलं एक विद्यापीठही आहे, वॉशिंग्टनमधलं गॅलॉडेट. त्याला पदव्या द्यायची परवानगी १८६४ साली मिळाली. पण तिथे कर्णबधिर कुलगुरू यायला १९८८ उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडल्यावर.

तीन पायऱ्या

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या. चढ ४५ सेंटिमीटर झाला. चाकाच्या खुर्चीसाठी सर्वत्र मानलेलं प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे उतार किमान ५.४ मीटर लांब हवा, जवळजवळ १८ फूट. एवढी जागा नसते, म्हणून कुठे कुठे दोन मीटरची फळी टाकून "रॅम्प आहे" असं अर्जात लिहितात. त्या फळीवरून खुर्ची स्वतः चढवता येत नाही, आणि उतरताना ती पुढे कलंडते. आधी असले रॅम्प मोजायला हवेत.

मोठ्या बांधकामाला वेळ लागतो, हे मान्य. पण तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रकातली एक ओळ बदलावी लागते, बाकी काही नाही. आणि स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय कुठल्याही इमारतीला सुगम्य म्हणू नये. दिवसभर पाणी न पिता कॉलेज करणाऱ्या मुली आहेत, फक्त या एका कारणाने.

या बाबतीत एड रॉबर्ट्सची हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ पूर्ण लुळं पडलं. झोपताना श्वासासाठी आयर्न लंग नावाचं लोखंडी पिंप लागायचं, साडेतीनशे किलोच्या आसपास वजनाचं. १९६२ साली त्याला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात प्रवेश मिळाला. वसतिगृहाच्या खोलीत ते पिंप मावेना, तेव्हा त्याच्या राहण्याची सोय आवारातल्या रुग्णालयात केली गेली. हळूहळू तिथे आणखी तसे विद्यार्थी राहू लागले आणि त्या वॉर्डात चळवळ उभी राहिली. १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मदतनिसांची यादी होती आणि खुर्च्या दुरुस्त करायची व्यवस्थाही होती. खुर्चीचं चाक मोडलं की शिक्षण थांबतं, हे खुर्चीवर बसणाऱ्यालाच सुचणार. ज्या सरकारी पुनर्वसन खात्याने "हा कधी नोकरी करू शकणार नाही" म्हणून सुरुवातीला त्याला पैसे नाकारले होते, पुढे रॉबर्ट्स त्याच खात्याचा संचालक झाला.

न दिसणारं आणि न सांगितलेलं

चाकाची खुर्ची आणि पांढरी काठी डोळ्यांना दिसते. डिस्लेक्सिया, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं), स्वमग्नता, अपस्मार, नैराश्य, सतत दुखणारे सांधे यांतलं काहीच दिसत नाही. त्यातली काही दुखणी तर आज आहेत आणि उद्या नाहीत अशी. सोमवारी हसत बोलणारी मुलगी बुधवारी अंथरुणातून उठू शकत नाही. "परवा तर ठीक होतीस" हे तिला रोज ऐकावं लागतं.

अशा मुलांना मुदतवाढ देणं हा नेहमीचा उपाय. तो मी जपून वापरते. दोन आठवड्यांची वाढ दिली की पुढच्या कामाची मुदत त्यावर येऊन आदळते आणि सत्राच्या शेवटी मुलगा चार अपुऱ्या कामांखाली सापडतो. त्यापेक्षा मोठं काम सुरुवातीलाच तुकड्यांत तोडून दिलं, दर तुकड्याला छोटी तारीख दिली आणि मधे दहा मिनिटं भेट ठेवली, तर अधिक उपयोग होतो. परीक्षेसाठी शांत, छोटी खोली आणि मधे उठून चालायची मुभा, एवढ्यानेही अनेकांचं भागतं.

शाळेतून कॉलेजात येताना एक मोठा बदल होतो, त्याची पूर्वकल्पना कुणी देत नाही. शाळेत आईवडील आणि शिक्षक मिळून सोयी बघतात. कॉलेजात आपण सज्ञान असतो, आणि स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय यंत्रणा हलत नाही. अमेरिकेत शाळेतला वैयक्तिक शिक्षण आराखडा शाळेबरोबरच संपतो. विद्यापीठात नव्याने अर्ज करावा लागतो. अठरा वर्षांच्या मुलाने अनोळखी कार्यालयात जाऊन "मला हे जमत नाही" असं म्हणायचं. खूप जण जातच नाहीत. आजवर लोकांच्या नजरेतून सुटलोय, आता तरी सुटू दे, असं वाटतं. पहिल्या चाचणीत नापास झाल्यावर जातात आणि तोवर अर्ध सत्र गेलेलं असतं.

म्हणून जो मुलगा हे वाचतोय त्याला सांगते: प्रवेश झाला की लगेच अर्ज कर, गरज लागो न लागो. मिळालेली सोय वापरली नाही तरी चालतं. आणि शिक्षकाला आजाराचं नाव सांगायची सक्ती नसते. चांगल्या व्यवस्थेत शिक्षकाकडे जाणाऱ्या पत्रात "काय झालंय" हे लिहिलेलं नसतं, "काय लागतं" एवढंच असतं.

कायदा कुठे उभा आहे

थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी मंजूर झाला. त्यातल्या कलम २४ मध्ये उच्च शिक्षणही येतं. कलम २ म्हणतं की वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. "वाजवी" म्हणजे संस्थेवर प्रमाणाबाहेर बोजा टाकणार नाही अशी. अमेरिकेत १९७३ आणि १९९० चे कायदे आहेत. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातली एक गोष्ट मला फार पटते: तिथे विद्यापीठाने विद्यार्थी येईपर्यंत थांबायचं नसतं, असा विद्यार्थी येणारच हे धरून आधीच तयारी करायची असते. भारताचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मोजतो आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवतो. राखीव जागेसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. पण लेखनिकासाठीही तीच अट लावता येईल का? लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनिक हवाच, टक्के कितीही असोत.

कायदा किमान मर्यादा आखतो. त्यावरचं बरंचसं आज मित्रमैत्रिणी करतात. नोट्स देतात, पायऱ्यांवरून खुर्ची उचलतात, ऐनवेळी लेखनिक म्हणून बसतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या दिवशी मित्राला ताप येतो त्या दिवशी शिक्षण थांबत असेल, तर तिथे संस्थेने आपलं काम पोरांच्या गळ्यात घातलेलं आहे. आणि मदत करायच्या आधी विचारावं. खुर्ची ढकलण्यापूर्वी, हात धरण्यापूर्वी. दुभाषा असेल तरी बोलताना नजर विद्यार्थिनीकडे असावी, "तिला सांगा" असं म्हणू नये. "तुला काय लागेल?" एवढं विचारलं तर बहुतेक मुलं नेमकं उत्तर देतात. त्यांनी आयुष्यभर त्याच प्रश्नावर काम केलेलं असतं.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पुढच्या सत्राच्या पुस्तकांची यादी सुट्टी लागायच्या आधी मिळेल का? तोवर मी ती पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचे. त्या वर्षी सहा आठवडे आधी दिली, टाइप करून. सत्र सुरू झालं त्या दिवशी सगळं पुस्तक त्याच्या लॅपटॉपमध्ये होतं आणि पहिल्या तासाला त्याने विचारलेली शंका तिसऱ्या प्रकरणातली होती.